बरणीतलं तळं

पहिले तीन आठवडे मला सूक्ष्मदर्शकात काहीच दिसलं नाही.

म्हणजे दिसायचं, पण त्यात जीव नव्हता. काळ्या जाड कडेचे गोल दिसायचे, ते हवेचे बुडबुडे. लांब चकाकते दोरे दिसायचे, ते स्लाइड पुसलेल्या फडक्याचे धागे. एक पारदर्शक साखळी सारखी नजरेसमोर तरंगायची आणि मी डोळा फिरवला की तीही फिरायची. ती माझ्याच डोळ्यातली होती, हे कळायला दोन दिवस गेले. तळ्यावर जाऊन मी बाटलीभर पाणी आणलं होतं, तेही हात लांब करून, काठापासून दूरचं, अगदी नितळ. नमुना स्वच्छ असावा असं डोक्यात पक्कं बसलेलं. घरी आल्यावर थेंब स्लाइडवर सोडायचा, वर कव्हर स्लिप, म्हणजे झाकायची पातळ काच, ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकाचं ४० पटींचं वस्तुभिंग थेट खाली आणायचं. डोळ्याजवळची नेत्रिका १० पटींची, म्हणजे एकूण ४०० पट. जेवढं मोठं करून बघू तेवढं जास्त दिसेल, असा माझा साधा हिशेब होता.

या भिंगाचा फोकस लागतो तेव्हा त्याचं टोक आणि काच यांच्यात जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जागा उरते. कव्हर स्लिप तर अवघी ०.१७ मिलिमीटर जाडीची. दुसऱ्याच संध्याकाळी कर्रकन आवाज आला आणि काचेचे तुकडे थेंबात पसरले. भिंगावर ओरखडा गेला नाही हे नशीब. त्या दिवसापासून एक सवय लावून घेतली: आधी बाजूनं डोळा ठेवून भिंग काचेजवळ न्यायचं, मग नेत्रिकेतून बघत भिंग आणि काच यांना एकमेकांपासून फक्त लांब न्यायचं. जवळ आणताना कधीही नेत्रिकेत बघायचं नाही.

फरक पडला तो पाणी आणणं सोडून कचरा आणायला लागले तेव्हा.

तळ्याच्या मधल्या नितळ पाण्यात बारीक जीव असतात, पण विरळ. ते धरायला बारीक जाळी लागते. दाट वस्ती असते ती कशाला तरी चिकटून: कुजत्या पानाच्या खालच्या अंगाला, तरंगत्या वनस्पतींच्या मुळांवर, दगडावरच्या बुळबुळीत थरात. कारण अन्न तिथे आहे. पान कुजवतात जिवाणू, जिवाणूंना खातात एकपेशीय प्राणी, आणि त्यांना खायला त्यांच्याहून मोठे टपलेले असतात. हे ध्यानात आल्यावर मी तळ्यावर गेले आणि मूठभर शेवाळ उचलून बरणीवर धरून पिळलं. तपकिरी, गढूळ पाणी ठिबकलं. त्यात दोन कुजकी पानं, मुळांचा एक झुबका आणि तळाचा चमचाभर गाळ टाकला. बरणी अर्धीच भरली, वर हवेला जागा राहावी म्हणून. झाकण नुसतं टेकवलं. घरी ती खिडकीत ठेवली, उजेड येईल पण थेट ऊन लागणार नाही अशी. ऊन लागलं की एवढंसं पाणी पाहता पाहता तापतं.

एक दिवस तिला हातही लावला नाही. गाळ खाली बसला, पाणी निवळलं. मग ड्रॉपर घेतला. रबरी टोपी बाहेरच दाबून धरायची, तशीच टोक पाण्यात न्यायचं, गाळाच्या वरच्या थराशी पोचलं की हळूच सोडायची. आत जाऊन दाबलं तर बुडबुड्यांनी सगळं उधळतं. थेंबात गाळाचा एखादा कण, मुळाचा एखादा तुकडा आला पाहिजे, कारण तोच कव्हर स्लिपला खांब होतो आणि खालच्या जिवांना हालायला जागा उरते. कव्हर स्लिप तिरकी टेकवून एका बाजूनं अलगद खाली सोडायची, म्हणजे हवा कडेनं निघून जाते.

आणि भिंग लावलं सगळ्यात लहान, ४ पटींचं.

त्याआधी मी एक पारदर्शक मोजपट्टी स्लाइडच्या जागी ठेवून पाहिली होती. लहान भिंगात साडेचार मिलिमीटर लांबीचा तुकडा दिसला. त्या हिशेबानं ४० पटींच्या भिंगात अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी दिसणार, आणि क्षेत्रफळ धरलं तर शंभरातला एक भाग. पॅरामेशियम हा एकपेशीय जीव मजेत पोहत असेल तर सेकंदाला साधारण एक मिलिमीटर जातो. मोठ्या भिंगात तो अर्ध्या सेकंदात या कडेनं येऊन त्या कडेनं निघून जाणार. तीन आठवडे मी दाराच्या फटीला डोळा लावून मैदान बघत होते.

दुसरी गोष्ट उजेडाची. उजेड कमी केला की जास्त दिसतं, हे कुणी तोंडी सांगितलं असतं तर मला पटलं नसतं. हे जीव जवळजवळ पाण्यासारखेच पारदर्शक. खालून भरपूर उजेड सोडला की तो सगळ्या दिशांनी आरपार जातो आणि प्राण्याची कड धुऊन निघाल्यासारखी नाहीशी होते. स्लाइड ठेवायच्या मंचाखाली उजेड एकवटणारं भिंग असतं, कंडेन्सर; त्याला उजेडाची वाट लहान-मोठी करणारा एक डायफ्राम असतो, त्याचा दांडा सरकवून भोक लहान केलं की कडा उमटायला लागतात. मी दांडा सरकवला, आणि ज्या जागी फिकट पिवळा उजेड होता तिथे माणसांनी भरलेल्या चौकासारखी गजबज दिसली. फार बंद केलं तर प्रत्येक वस्तूला दुहेरी कड येते आणि खोटे तपशील दिसायला लागतात, तेव्हा मधली जागा हातानंच शोधावी लागते. प्रत्येक स्लाइडला ती वेगळी असते.

मुळाच्या तुकड्यावर घंटांचा एक झुबका होता. व्हॉर्टिसेला. हे नाव शाळेत कुठेतरी ऐकलेलं. प्रत्येक घंटा उलटी, लांब बारीक देठावर उभी. घंटेच्या ओठाभोवती पक्ष्माभिकांचं कडं, म्हणजे केसांहून बारीक तंतूंची ओळ, आणि ती इतक्या लयीत हालत होती की काठानं पाणीच गोल धावतंय असं वाटावं. जवळून जाणारे कण त्या भोवऱ्यात ओढले जात, एखादा आत जाई, बाकीचे बाहेर फेकले जात. मी १० पटींचं भिंग लावलं. घंटेच्या पोटात गोल गोल पुटकुळ्या दिसल्या, खाल्लेल्या जिवाणूंच्या.

एवढ्यात माझं कोपर टेबलाला लागलं आणि सगळ्या घंटा एका क्षणात गायब झाल्या.

मला वाटलं स्लाइड सरकली. पण मूळ जागेवर होतं. नीट पाहिलं तर मुळाला चिकटलेले गोळे दिसले आणि देठांच्या जागी मळसूत्री गुंडाळ्या. देठांनी आखडून घंटा खाली ओढून घेतल्या होत्या. हे घडताना डोळ्याला दिसतच नाही, कारण देठ आखडायला सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही. त्याच्या आतला तंतू कॅल्शियमच्या जोरावर आखडतो. आपल्या स्नायूंचं काम चालतं त्याहून ही वेगळीच तऱ्हा. उलगडायला मात्र त्याला सवड लागते. एकेक देठ हळूहळू सरळ होत गेला, घंटा वर आली, क्षणभर बंद राहिली, मग ओठ उघडला आणि भोवरा पुन्हा सुरू झाला. सगळ्यांचा वेळ सारखा नव्हता. डावीकडची एक शेवटपर्यंत मिटून बसली होती. मी ती उघडायची वाट बघत राहिले. घड्याळात पाहिलं तेव्हा पाऊण तास उलटला होता.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहुक यानं हेच घंटेचे जीव पाहिले होते. १६७६च्या ऑक्टोबरात त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला जे लांबलचक पत्र पाठवलं, त्यात पावसाच्या साठवलेल्या पाण्यातल्या जिवांमध्ये यांचं वर्णन आहे. शेपूट ताणणारे आणि आखडणारे. त्याच्याकडे एकच भिंग होतं, स्वतः घासून-वितळवून केलेलं, पितळी पट्टीत बसवलेलं, आणि ते डोळ्याला जवळजवळ टेकवून उजेडाकडे धरून बघायचं. मला टेबल आहे, दिवा आहे, फोकसची चक्री आहे. त्यानं हे सगळं हातात धरून पाहिलं आणि तरी देठाचं आखडणं टिपलं. पत्र मिळाल्यावर लंडनच्या मंडळींना सहजासहजी विश्वास बसेना. पुढच्या वर्षी, १६७७च्या नोव्हेंबरात, सोसायटीतल्याच रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञानं स्वतः प्रयोग करून सभासदांना ते जीव दाखवले तेव्हा कुठे बोलणं थांबलं. माझ्या मनात त्या कापडवाल्याबद्दल जी माया आहे ती या घंटांमुळे.

पॅरामेशियम दिसायला फार थांबावं लागलं नाही. बरणीतल्या पाण्याच्या अगदी वरच्या, काचेला लागलेल्या कडेशी ते जमले होते. चौथ्या-पाचव्या दिवशी नुसत्या डोळ्यांनाही पांढुरके सरकते ठिपके दिसायला लागले. अडचण होती ती त्यांना थांबवायची. सरळ ते पोहतच नाहीत, स्वतःभोवती फिरत, मळसूत्राच्या वाटेनं जातात. कशाला आपटले की थोडे मागे जातात, कोन बदलतात, पुन्हा पुढे. पुन्हा आपटले की पुन्हा तेच. जेलीसारखं दाट द्रावण घालून त्यांना संथ करता येतं, पण मी कापसाचे चार-पाच तंतू पिंजून थेंबात टाकले. तंतूंच्या जाळीत छोट्या छोट्या खोल्या होतात आणि एखादा पॅरामेशियम त्यात अडकतो. जागा अरुंद, पण पाणी त्याचंच. तो तिथे बऱ्यापैकी निवांत राहतो.

अशा एका खोलीत अडकलेल्या पॅरामेशियमजवळ मी दोन संध्याकाळी काढल्या. त्यावर लिहावं तेवढं थोडं आहे.

४० पटींचं भिंग आता कामाला आलं. शरीराच्या दोन टोकांकडे एकेक चांदणी दिसत होती. मधे गोल, भोवती सहा-सात बारीक नळ्या किरणांसारख्या पसरलेल्या. आधी नळ्या फुगतात. मग त्या मधल्या गोलात रिकाम्या होतात, गोल मोठा होत जातो, काचेच्या थेंबासारखा स्वच्छ, आणि एकदम मिटतो. नाहीसाच होतो. क्षणभर त्या जागी काही नसतं. मग नळ्या पुन्हा भरू लागतात. ही संकोची रिक्तिका. गोड्या पाण्यापेक्षा पेशीच्या आतलं द्रव क्षारांनी दाट, म्हणून बाहेरचं पाणी आवरणातून सतत आत झिरपत राहतं. ते असंच साचत गेलं तर पेशी फुगून फुटेल. म्हणून या चांदण्या दिवसरात्र पाणी उपसत असतात. पुढची आणि मागची आळीपाळीनं मिटते. बुडत्या होडीतले दोघे आळीपाळीनं पाणी बाहेर फेकतात तशा.

मी घड्याळ घेऊन मोजलं. मागची चांदणी दर अकरा-बारा सेकंदांनी मिटत होती. वीस वेळा मोजलं, दोन सेकंदांच्या वर फरक पडला नाही.

मग एक प्रयोग केला. पेलाभर साध्या पाण्यात चिमूटभर मीठ विरघळवलं, त्याचा एक थेंब कव्हर स्लिपच्या डाव्या कडेला ठेवला आणि उजव्या कडेला टिपकागद लावला. कागदानं इकडचं पाणी शोषलं की तिकडचं खारं पाणी काचेखालून सरकत येतं. डोळा चांदणीवर, घड्याळ हातात. तेरा सेकंद. सतरा. चोवीस. नळ्या भरायला आता अंमळ वेळ लागत होता, गोल हळूहळू फुगत होता. छत्तीस सेकंद. बाहेरचं पाणी दाट झालं, आत झिरपणं कमी झालं, उपसायचं कामही कमी झालं. परासरण हा शब्द मी परीक्षेत लिहिला होता, आकृतीसकट, आणि त्याचे गुणही मिळाले होते. छत्तीस सेकंद थांबून राहिलेल्या त्या गोलाकडे बघताना तो शब्द मला पहिल्यांदा कळला. मग उलट्या बाजूनं बरणीतलं पाणी सोडलं. चांदणी पुन्हा पंधरावर आली, तेराला आली. मी सुटकेचा श्वास टाकला.

सुटकेचा, कारण आदल्याच आठवड्यात माझ्या हातून एक जीव गेला होता. स्लाइडवरचा थेंब वाळत असतो हे मी विसरले होते. कव्हर स्लिपच्या कडेनं पाणी उडत जातं, काच खाली बसत जाते आणि खालच्याला चिरडत जाते. तेव्हा मी एका मोठ्या, कर्ण्यासारख्या स्टेंटॉरपाशी होते. हा प्राणी एकाच पेशीचा, पण पूर्ण ताणला की एक मिलिमीटरच्या पुढे जातो, नुसत्या डोळ्यांना दिसतो. तो पसरट होत गेला तेव्हा मला आनंदच झाला, कारण आतलं सगळं स्पष्ट दिसू लागलं. मग एका बाजूनं त्याची कड सुटली. आतले कण वाहून बाहेर आले, सावकाश, धूर निघावा तसे. उरलेल्या कडेवरच्या पक्ष्माभिका त्यानंतरही काही वेळ हालत होत्या. मी दिवा बंद केला आणि त्या दिवशी पुढे काही पाहिलं नाही.

तेव्हापासून कव्हर स्लिपच्या चार कोपऱ्यांना व्हॅसलीनचे चार बारीक ठिपके लावते, काच तेवढी उंच राहते. दर दहा मिनिटांनी कडेला बरणीतल्या पाण्याचा थेंब देते. नळाचं पाणी नाही, त्यातला क्लोरीन या जिवांना मारतो. आणि बघून झालं की स्लाइड पुन्हा बरणीत बुडवून धुते. हा शेवटचा नियम आईचा. तिला मी व्हॉर्टिसेला दाखवले तेव्हा ती चष्मा काढून बसली, बराच वेळ तिला स्वतःच्याच पापण्या दिसत होत्या. “आई, डोळा जरा लांब धर, अगदी टेकवू नकोस,” म्हटलं, तेव्हा दिसलं. स्लाइड उजवीकडे सरकवली की चित्र डावीकडे पळतं, वर ढकललं तर खाली येतं, हे तिच्या हाताला माझ्या निम्म्या वेळात जमलं. उठताना मी स्लाइड फडक्यानं पुसायला घेतली तर म्हणाली, “अगं, पुसतेस काय? होती तिथं सोड की त्यांना.” मला लाज वाटली. तोवर शेकडो थेंब मी पुसून टाकले होते.

नावं शोधण्याच्या मागे मी सुरुवातीला फार लागले होते. प्रत्येक हालत्या गोष्टीला जातीसकट नाव हवं. हळूहळू कळलं की फोटो काढून नाव शोधण्यापेक्षा वहीत चित्र काढणं कितीतरी उपयोगाचं. चित्र काढायचं म्हणजे तोंड कुठल्या बाजूला, शेपटीला किती फाटे, पोहताना फिरतो की सरळ जातो, हे ठरवावंच लागतं. मोबाईल नेत्रिकेवर धरला की तो सगळं टिपतो आणि मी काहीच बघत नाही. मोबाईल वापरते, पण चित्र झाल्यावर.

बरणी मात्र रोज बदलत होती. इतकं बदलेल याची मला कल्पना नव्हती. पहिल्या आठवड्यात पाणी किंचित दुधाळ झालं: जिवाणूंचा ढग, आणि त्यात थरथरत धावणारे अगदी बारीक कशाभिकाधारी, म्हणजे चाबकासारख्या तंतूनं पोहणारे जीव, ४०० पटींतही जेमतेम ठिपक्याएवढे. मग चपटे, धान्याच्या दाण्यासारखे छोटे पक्ष्माभिकाधारी इतके वाढले की थेंब उकळतोय असं वाटे. दुधाळपणा ओसरला, त्यांचं खाणं संपलं, ते विरळ झाले, आणि त्यांच्या जागी पॅरामेशियम. तिसऱ्या आठवड्यात खिडकीकडची काच हिरवी-तपकिरी झाली. हिरवं ते शेवाळ, तपकिरी ते डायाटम. डायाटमची पेशी म्हणजे सिलिकेची, काचेची डबी, खालचं भांडं आणि वर बसणारं झाकण. करंडक हे त्यांचं मराठी नाव किती नेमकं आहे ते तेव्हा समजलं. होडीच्या आकाराचे काही करंडक हात नाहीत, पाय नाहीत, तरी काचेवरून सरळ रेषेत सरकत जातात, थांबतात आणि आल्या वाटेनं परत येतात. डबीच्या फटीतून पाझरणाऱ्या चिकट द्रवाच्या आधारानं ते सरकतात.

महिन्याच्या शेवटी सायक्लॉप्स हे बारीक कवचधारी प्राणी आले. आले म्हणजे अंड्यांच्या नाहीतर पिल्लांच्या रूपात गाळातून आधीच आलेले असणार. एकच लाल डोळा, झटक्या-झटक्यानं पोहणं, आणि मादीच्या शेपटीच्या दोन्ही अंगांना अंड्यांची एकेक पिशवी. त्याच सुमारास एक गोलसर, तीन जोड पायांचा, केसाळ प्राणी वारंवार दिसायचा. वहीत मी त्याला वेगळं पान दिलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं. तो सायक्लॉप्सचंच पिल्लू होता, नॉप्लियस. आईशी त्याचं काहीच साम्य नसतं; कात टाकत टाकत तो तिच्यासारखा होतो. नंतर वाचनात आलं की अठराव्या शतकातला मोठा डॅनिश निसर्गअभ्यासक ओटो फ्रेडरिक म्युलर यानंही ही पिल्लं म्हणजे वेगळेच प्राणी असं समजून त्यांना स्वतंत्र नाव दिलं होतं, आणि नॉप्लियस हे नाव तिथून आलं आहे. मी ते पान फाडलं नाही. खाली सायक्लॉप्सच्या पानाचा आकडा लिहून ठेवला.

माझा जीव मात्र जडला तो रोटिफरवर. चक्रधर म्हणतात यांना. डोक्यावर पक्ष्माभिकांची दोन कडी, आणि त्या ओळीनं लाटेसारख्या हालत असल्यानं दोन चाकं गरगर फिरताहेत असं हुबेहूब दिसतं. पॅरामेशियमएवढाच असूनही हा एकपेशीय नाही; हजारभर पेशींचा प्राणी आहे, पोट आहे, मेंदू आहे, आणि छातीत सतत दळत असलेले जबडे आहेत. ते जबडे पारदर्शक अंगातून लख्ख दिसतात, घट्ट-सैल, घट्ट-सैल. शेपटीच्या टोकाला बोटं असतात, त्यांतून चिकट द्रव सोडून तो कशालाही धरून उभा राहतो. जागा बदलायची झाली की चाकं आत ओढून घेतो आणि जळूसारखा, डोकं टेकव, शेपूट उचल, असा चालतो. असे जळूसारखे चालणारे जे रोटिफर आहेत त्यांच्यात नर कुणाला सापडलेला नाही. माद्याच माद्यांना जन्म देतात.

यांच्याबद्दल लेव्हेनहुकनं १७०२ साली एक प्रयोग लिहून ठेवला आहे. घराच्या पन्हळीतला वाळून कोरडाठाक झालेला गाळ त्यानं काचेच्या नळीत घेतला, उकळून गार केलेलं पावसाचं पाणी त्यावर ओतलं, आणि तासाभरात त्यात हे जीव फिरू लागले. पाणी उकळलं, म्हणजे जीव त्या पाण्यातून आलेले नाहीत हे पक्कं करायला. एवढी काळजी त्यानं घेतली. अलीकडे, २०२१ मध्ये, सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतून काढलेला असाच एक रोटिफर जिवंत झाल्याचं प्रसिद्ध झालं. तो मातीचा थर सुमारे २४,००० वर्षांपूर्वीचा होता.

मला हे स्वतः बघायचं होतं. पहिल्यांदा चार-पाच रोटिफर असलेला थेंब मी स्वच्छ काचेवर तसाच वाळू दिला. तासात वाळला. दुसऱ्या दिवशी पाणी घातलं. गोळे तसेच पडून राहिले, आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर जिवाणूंची गर्दी झाली. दुसऱ्यांदाही तेच. चूक कुठे होती ते लक्षात यायला वेळ लागला: फार लवकर वाळत होतं. पन्हळीतला गाळ सावकाश वाळतो. रोटिफरला आधी पाय आणि चाकं आत घेऊन, अंगातलं पाणी सोडत सोडत बारीक गोळा व्हायचं असतं, त्याला उसंत पाहिजे. मग मी भिंतीवरचं थोडं शेवाळं आणलं, हिरवं मऊ मखमलीसारखं असतं ते. भिजवून पिळून पाहिलं तर त्यात रोटिफर होतेच. ते शेवाळं आणि चिमूटभर गाळ एका उथळ बशीत पसरला, वर कागद झाकला, आणि सावलीत ठेवून दिला. पुरतं वाळायला चार दिवस लागले. नंतर आणखी सव्वा महिना तसंच ठेवलं. बोटानं चुरडलं तर भुकटी व्हावी, इतकं कोरडं.

गेल्या आठवड्यात ती चिमूट स्लाइडवर घेतली. पाणी उकळून गार करून ठेवलं होतं. दोन थेंब घातले, कोपऱ्यांना व्हॅसलीन, वर काच. लहान भिंगात मातीचे कण, शेवाळ्याच्या पानांचे तुकडे, आणि त्यांच्यात तांबूस-पिवळे सुरकुतलेले गोळे. एक गोळा निवडला, १० पटींचं भिंग लावलं.

दहा मिनिटं काही नाही. कडेला पाणी दिलं. वीस मिनिटांनी सुरकुत्या गेलेल्या दिसल्या, गोळा भरलेला वाटला, पण ते नुसतं पाणी शोषूनही होतं, वाळलेलं मूळही फुगतं. मी तोच गोळा धरून ठेवला. अडतीसाव्या मिनिटाला आत काहीतरी सरकलं. पुन्हा थांबलं. मग गोळ्याचं एक टोक ताणलं गेलं, आत गेलं, पुन्हा बाहेर आलं, आणि त्या टोकाला बारीक बोटं होती. ती बोटं शेवाळ्याच्या तुकड्यावर टेकली आणि चिकटली. अंग लांब झालं. आता छातीतले जबडे दिसत होते. स्थिर होते. मी श्वास धरला होता की काय, आठवत नाही. जबडा एकदा हालला. मग बऱ्याच वेळानं दुसऱ्यांदा.

मी हलकेच, टेबलाला धक्का न लागता उठले आणि आईला हाक मारली. ती आली, चष्मा काढून बाजूला ठेवला, डोळा जरा लांब धरून वाकली. फोकसची चक्री तिनं स्वतःच केसभर फिरवली. बराच वेळ काही बोलली नाही.

मग म्हणाली, “चाकं फिरायला लागली गं. खातंय ते.”